घडीचा चाकू लवकर का बिघडतो? या चुका टाळा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात घडीचा चाकू खिशात नसलेला बागायतदार विरळाच. ठिबकची नळी कापायची, सुतळी तोडायची, खताच्या पोत्याची शिलाई उसवायची, कलमाची पट्टी कापायची आणि मध्येच बांधावर बसून पेरू चिरायचा, सगळं त्याच एका पात्यावर. साताऱ्याकडे सज्जनगड, अजिंक्यतारा चढणाऱ्या पोरांच्या सॅकमध्ये तो असतो, महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवाल्यांच्या खिशातही असतो. आणि वर्षा-दोन वर्षांत तो अडायला लागला, हलायला लागला की दोष जातो हल्लीच्या मालाला. माल कधी कधी खराब निघतो, हे खरंच आहे. पण आसपासच्या लोकांचे जे चाकू मी उघडून साफ करतो, त्यांतल्या बहुतेकांना मालकाच्या काळजीनेच बिघडवलेलं असतं. कुणी खाद्यतेल ओतलेलं, कुणी स्क्रू सैल केलेला, कुणी कोरड्या चाकावर घासून आणलेला.

याचं मूळ एकच. आपण धार बघतो, सांधा बघत नाही. पातं ज्या पिनवर फिरतं ती पिन, तिच्या दोन्ही अंगांचे वायसर आणि पात्याला धरून ठेवणारी कमान किंवा खटका, एवढ्याच जागेत घडीच्या चाकूचा जीव असतो. धार गेली तर अर्ध्या तासात परत येते. सांधा गेला की पुष्कळदा चाकूच जातो.

नवा चाकू ‘मोकळा’ करताना

नवा चाकू घट्ट असतो आणि तसाच असायला हवा. साध्या चाकूत खटका नसतो, मुठीच्या पाठीतली पोलादी कमान पात्याला दाबून धरते. असा चाकू पहिल्या दिवसांत उघडताना नख दुखतं. ते दुखणं वापराने कमी होतं, पण त्यासाठी घाई केली की नुकसान सुरू होतं.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे चाकू डब्यातून काढून तसाच, कोरडा, टीव्हीसमोर बसून शेकडो वेळा उघडझाप करणं. कारखान्यातून आलेल्या सांध्यात पॉलिशचा अंश, धातूचा बारीक कीस आणि घट्ट ग्रीस असं मिश्रण राहिलेलं असू शकतं. ते न काढता पातं फिरवत राहिलात, तर तो कीस पिनवर आणि वायसरवर चरे पाडत जातो. पातं मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण खरं तर ते झिजलेलं असतं.

बरोबर पद्धत साधी आहे. मूठ लाकडी नसेल तर कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घ्या. पातं अर्धं उघडं ठेवून सांधा घासा, पाण्याखालीच काही वेळा उघडझाप करा, मग झटकून पूर्ण वाळवा. सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडा. पंधरा-वीस वेळा सावकाश उघडझाप करा आणि पात्याचं मूळ पांढऱ्या सुती फडक्याने पुसा. पहिल्या वेळी फडक्यावर काळी-राखाडी रेघ उमटते. तोच कीस. पुन्हा एक थेंब, पुन्हा उघडझाप, पुन्हा पुसणं. रेघ फिकी होत जाते, आणि तेल जसं आत गेलं तसंच स्वच्छ बाहेर आलं की सांधा साफ झाला. पुढचं मोकळं होणं रोजच्या वापरावर सोडा. महिनाभरात फरक कळतो.

सांध्यात टूथपेस्ट किंवा भांडी घासायची पावडर घालून तो ‘गुळगुळीत’ करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. घासणारा पदार्थ हवा तिथेच घासत नाही. तो वायसरच्या मागे जाऊन बसतो, पूर्ण धुतला जात नाही आणि महिनोन् महिने घासतच राहतो.

दुसरी चूक स्क्रूची. चाकू घट्ट वाटला की पिनचा स्क्रू सैल करायचा, ही पहिली प्रतिक्रिया. लगेच पातं भुर्रकन उघडतं आणि समाधान वाटतं. पण आता ते डावी-उजवीकडे हलायला लागलेलं असतं, मिटताना मुठीच्या आतल्या पत्र्याला घासतं आणि धार तिथेच बोथट होते. स्क्रूला हात लावायचाच असेल तर एका वेळी फेऱ्याच्या आठव्या हिश्शाहून जास्त फिरवू नका. दर वेळी पातं उघडून, टोकाजवळ चिमटीत धरून आडवं हलवून बघा. हालचाल शून्य आणि फिरणं मोकळं, या दोन्हींच्या मधली जागा फार थोडी असते, ती सावकाशच सापडते.

बऱ्याच चाकूंना टॉर्क्स स्क्रू असतात, सहा टोकांच्या चांदणीसारखी खाच असलेले. टी-६ आणि टी-८ ही मापं नेहमीची. मोबाइल दुरुस्तीच्या स्वस्त पेटीत हे बिट मिळतात. घरात ॲलन की आहे म्हणून ती दाबून बसवाल तर खाच गोल होते आणि मग तो स्क्रू ड्रिलने काढण्यापलीकडे इलाज उरत नाही. स्क्रू हलतच नसेल तर जोर करू नका. त्याला थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा गोंद, लावलेला असण्याची शक्यता आहे. केस वाळवायच्या यंत्राने किंवा सोल्डरिंगच्या टोकाने डोकं थोडं तापवा, पकड सुटते. परत बसवताना निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर फक्त आट्यांवर, सुईच्या टोकाएवढं. ते पिनवर उतरलं तर सांधाच चिकटून बसतो.

हाताला झटका देऊन पातं ‘खाट्’ उघडायची हौसही आवरा. त्या प्रत्येक आवाजामागे पात्याचं मूळ थांबपिनवर आणि खटक्यावर आपटत असतं. मुठीच्या आतली पट्टी आडवी सरकून पात्यामागे बसते, त्या लाइनर लॉकच्या चाकूत हे फार नडतं. नव्या चाकूत ही पट्टी पात्याच्या मुळाच्या जेमतेम पाव ते अर्ध्या भागावर बसते आणि झिजेल तशी पलीकडे सरकत जाते. आपटून उघडलेल्या चाकूत ती लवकरच पार दुसऱ्या टोकाला पोहोचते.

नव्या चाकूत कधी कधी हाच खटका चिकटतो, मिटताना अंगठा लावूनही सुटत नाही. त्यावर कानस फिरवू नका. पात्याच्या मुळाचा जो तिरका भाग पट्टीला टेकतो, त्यावर मऊ शिशाची पेन्सिल दोन-चार वेळा घासा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. तिथे तेल मात्र नको, ती जागा घट्ट धरण्यासाठीच आहे.

तेल टाकण्याआधी काय अडलंय ते ओळखा

चाकू अडला की तेल, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. माती आणि तेल एकत्र आले की घासायची पेस्ट तयार होते. ती आत ठेवून पातं फिरवत राहणं म्हणजे सांधा आपल्या हाताने झिजवणं. आधी घाण काढायची, मग तेल.

आणि घाण सगळी एका जातीची नसते. द्राक्षाचा रस, उसाचा रस, आंब्याचा गर, गुऱ्हाळावरचा गूळ, बेदाण्याच्या शेडवरची चिकटण, ही सगळी साखर. साखर तेलात विरघळत नाही. कितीही तेल घाला, ती तशीच राहते, वर तेलकट होते एवढंच. कोमट पाण्यात मात्र ती मिनिटांत सुटते. चाकू अर्धा उघडा करून पेलाभर कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मग उघडझाप करा. मूठ लाकडी असेल तर पूर्ण बुडवू नका, पातं खाली करून सांध्यापुरताच पाण्यात धरा.

फणसाचा, अंजिराचा किंवा आंब्याच्या देठाचा चीक आणि कलमाच्या पट्टीचा डिंक यांची गोष्ट उलटी. त्यांच्यावर पाणी चालत नाही. कापसाच्या काडीवर रॉकेल, स्पिरिट किंवा खोबरेल घेऊन ते पुसावे लागतात. मग साबणपाणी, मग वाळवणं.

तिसरी घाण खिशातली. सुती पँटच्या खिशात तळाशी जो कापसाचा भुगा साठतो, तो मुठीच्या पोटात जाऊन कमानीखाली दाबला जातो. त्याचा इतका घट्ट गोळा होतो की पातं पुरतं मिटत नाही आणि टोक मुठीबाहेर डोकावतं. लोक म्हणतात कमान बिघडली. टॉर्च लावून आत बघा, दात कोरायच्या काडीने तो गोळा उपसून काढा. लोखंडी सुई घालू नका, ती चरे पाडते.

स्विस आर्मी चाकूसारख्या बऱ्याच पात्यांच्या चाकूत दर दोन पात्यांमध्ये एक पत्रा असतो, म्हणजे तितक्याच फटी. तिथे कोमट पाणी हाच खरा उपाय. सगळी हत्यारं अर्धी उघडून साळिंदरासारखा फुलवा, पाण्यात हलवा आणि प्रत्येक पातं मिटवून-उघडून बघा. त्या आधी मुठीतला चिमटा आणि काडी काढून ठेवा.

तेल कोणतं, किती

करडई, सोयाबीन, सूर्यफूल ही स्वयंपाकघरातली तेलं सांध्यात नकोत. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ती हळूहळू घट्ट होतात, आधी चिकट आणि शेवटी पिवळट वार्निशासारखी. करडई यात पुढे, शेंगतेल जरा मागे, पण वाट तीच. पहिले आठ दिवस चाकू झकास चालतो आणि दोन महिन्यांनी जाम होतो, त्यामुळे दोष तेलाचा आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

खोबरेल त्यामानाने बरं. ते असं लवकर वाळत नाही. पण साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजतं. महाबळेश्वर-पाचगणीला हिवाळ्यात, आणि आपल्याकडेही डिसेंबरच्या सकाळी, बाटलीतलं खोबरेल गोठतं तेव्हा सांध्यातलंही गोठतं. मग सकाळी चाकू अडतो आणि दुपारी सुरळीत होतो. हे कोडं बऱ्याच जणांना पडलेलं असतं.

ट्रॅक्टरचं काळं, वापरलेलं ऑइल तर मुळीच नको. त्यात काजळी असते, धातूचा कीस असतो आणि त्याच पात्याने तुम्ही फळ चिरणार असता.

मेडिकल दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. वास नाही, रंग नाही, वाळून चिकट होत नाही आणि पोटात गेलेल्या अंशाने काही होत नाही. चाकू खाण्याच्या कामाला कधीच वापरत नसाल तर शिलाई मशीनचं तेलही उत्तम. गंजलेला स्क्रू सोडवायला फवाऱ्याची डबी चालते, पण ती वंगण म्हणून टिकत नाही. तिचं काम झालं की पुसा आणि नेहमीचं तेल लावा.

प्रमाण म्हणाल तर सुईच्या टोकावर राहील तेवढा एक थेंब. जास्तीचं तेल खिशातली धूळ ओढून घेतं. तेल घातल्यावर कोरड्या फडक्याने इतकं पुसा की बोटाला ओलं लागणार नाही. आत जेवढं जायचं तेवढं गेलेलं असतं.

बोर्डो, घाम आणि गंज

ही चूक खास आपल्या भागातली. मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण फवारणीसाठी तयार केलं की चुना पुरेसा पडला का हे बघायला लोखंड बुडवायची जुनी रीत आहे. मोरचूद मोकळं राहिलं असेल तर लोखंडावर तांबूस थर चढतो आणि मग आणखी चुना घालायचा. रीत बरोबर आहे. पण हाताशी काय असतं, तर खिशातला चाकू.

तो तांबूस थर बाहेरून चिकटलेला डाग नसतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यातलं तांबं पात्यावर बसतं तेव्हा तेवढंच लोखंड पात्यातून द्रावणात उतरलेलं असतं. म्हणजे त्या जागी पातं खाल्लं गेलेलं असतं. पात्याच्या रुंद भागावर ते झालं तर एक वेळ चालेल. पण धारेवर, जिथे पोलाद कागदाहून पातळ असतं, तिथे धार लगेच मरते. सांध्यात गेलेलं द्रावण तर दिसतही नाही आणि धुतलंही जात नाही. या तपासणीसाठी जुना खिळा किंवा खुरप्याचं मोडकं पातं पंपाशेजारी टांगून ठेवा, नाहीतर पीएच पेपर वापरा. फवारणीच्या दिवशी चाकू अंगावर असेल तर संध्याकाळी तो साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, पुसायलाच हवा.

‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ हा दुसरा भ्रम. स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागाला सांभाळतो. मीठ हा थर फोडतं. घामात मीठ असतं, लोणच्यात असतं, लिंबू-मिठात तर असतंच. म्हणून उन्हाळ्यात शर्टाच्या खिशात राहिलेल्या स्टेनलेस चाकूवरही टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात, आणि ते खोल गेलेले असतात. भांड्याच्या साध्या लोखंडी तारेने घासलं तर तिचे कण पात्यात रुततात आणि तिथूनच नवा गंज सुरू होतो.

साध्या कार्बन पोलादाचं पातं मात्र वेगळं बघायला शिका. कैरी, कांदा, लिंबू कापलं की ते करडं-निळसर होतं. घाबरून घासून पांढरं करू नका. हा थर जितका जुना तितका बरा, तो लाल गंजाला थोडा आवर घालतो. काळजी करायची ती लाल-नारिंगी रंगाची. तो दिसला की दोन हजार नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून, पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा आणि पुसून तेलाचा हात फिरवा. चिंच लावून रात्रभर ठेवायचा उपाय टाळा. आंबटपणा गंज खाऊन झाला की चांगल्या पोलादाकडे वळतो.

हळदीच्या कामावर मूठ पिवळी होते, तो गंज नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. उजेडात तो रंग आपोआप उडत जातो.

चाकू चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावण्याची द्रव्यंही त्यात असतात. म्यान कमरेला लावून फिरण्यापुरतं. घरी आल्यावर चाकू बाहेर काढून ठेवा.

धार: पात्याचं पाणी उतरवू नका

गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कात्री, कोयता जरूर द्या. घडीच्या चाकूचं पातळ पातं देताना मात्र दोनदा विचार करा. दोष त्या माणसाच्या हाताचा नाही, कोरड्या चाकाचा आहे. बहुतेक पाती कडक केल्यावर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यांचा ठिसूळपणा काढलेला असतो. कोरड्या चाकावर पातळ धार काही सेकंदांतच त्याच्या पुढे जाते. काठावर आधी गवताच्या काडीसारखा पिवळसर आणि मग निळा रंग दिसला, की तिथलं तापमान तीनशेच्या घरात पोहोचलं होतं असं समजा. पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेली ती धार आज कागद कापेल आणि परवा सुतळीवरच वळेल. द्यायचंच असेल तर प्रत्येक घासणीनंतर पातं पाण्यात बुडवायला सांगा, आणि समोर उभे राहा.

पोलादाचं हे ज्ञान आपल्या भागाला नवं नाही. मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. ज्यांचा हात तलवारीच्या पात्यावर बसला होता, त्यांनीच पुढे भोपळ्याला आणि तारांना हात घातला. असा हात एका दिवसात बसत नाही, पण खिशातल्या चाकूपुरती धार घरी लावता येण्यासारखी आहे.

एका बाजूला चारशे आणि दुसऱ्या बाजूला हजार नंबर असलेला दगड पुरतो. धारेला दाते पडले असतील तरच चारशेची बाजू, एरवी हजारचीच. पातं दगडावर सपाट ठेवा आणि पाठ थोडी उचला. प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांचा कोन हवा. कोन डोळ्याने कळत नाही, म्हणून काठाला काळ्या मार्करने रंगवा. दोन-तीन हात फिरवून बघा. शाई नेमकी टोकापर्यंत गेली तर कोन बरोबर. वरच्याच भागातली गेली तर पाठ फार खाली आहे, आणि अगदी काठावर केसाएवढी रेघ गेली तर पाठ फार उचललेली आहे. एवढी एक युक्ती आली की निम्मं काम झालं.

मग एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या काठाला बोट आडवं फिरवल्यावर खरखर लागेपर्यंत. बोट काठाच्या लांबीने कधीच नाही, पाठीकडून काठाकडे, बाहेरच्या दिशेने. ही खरखर म्हणजे वळलेला पापुद्रा. किर्लोस्करवाडी-पलूसकडच्या कारखान्यांत काम केलेली मंडळी त्याला ‘बर’ म्हणतात. बर मुळापासून टोकापर्यंत सलग आला नाही तर त्या बाजूची धार अजून झालेलीच नाही. बहुतेक लोक इथेच घाई करतात, दहा-वीस हात फिरवून बाजू बदलतात, आणि मग तासभर घासूनही चाकू कापत नाही. बर आला की दुसरी बाजू, मग हलक्या हाताने एकदा इकडे, एकदा तिकडे. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्याच्या मागच्या खडबडीत बाजूवर, धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा ओढा. बर तुटून जातो.

कलमाचा चाकू असेल तर यातलं एक बदलतं, आणि ते चुकलं तर चाकू कामातून जातो. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर पाचर कलम करताना काडीचा काप पूर्ण सपाट यावा लागतो, म्हणजे खुंटाला तो घट्ट बसतो. म्हणून कलमाच्या बऱ्याच चाकूंना एकाच बाजूने उतार दिलेला असतो, दुसरी बाजू सपाट. ही सपाट बाजू दगडावर तिरकी धरून घासू नका. उताराच्या बाजूलाच धार लावा, आणि सपाट बाजू पूर्ण आडवी टेकवून बर काढण्यापुरती एक-दोनदा फिरवा. दोन्हीकडून धार लावलेला कलमाचा चाकू काडीत वाकडा शिरतो, कापाला पोट येतं आणि कलमं मरतात. मग नाव रोपाचं खराब होतं.

व्ही आकाराच्या दोन पट्ट्यांमधून पातं ओढायचा छोटा शार्पनर दिसायला सोयीचा, पण तो धार लावत नाही, पोलाद ओरबाडतो. वर्षभर वापरलात तर पातं अरुंद झालेलं स्पष्ट दिसेल. रोज दगडावर घासायचीही गरज नाही. रोज चामडं, आणि चामड्याने भागेनासं झालं की दगड.

लाकडी मूठ आणि पावसाळा

ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या चाकूत पातं थेट लाकडाच्या फटीत बसतं. बीचचं लाकूड जून-जुलैत फुगतं आणि पातं नखाने उघडेनासं होतं. पकडीने ओढू नका. आधी मुठीच्या तोंडाशी असलेलं, पातं अडकवणारं धातूचं कडं ‘उघडं’ फिरवून घ्या आणि मुठीचा मागचा टोकदार भाग लाकडी टेबलावर ठोका. पातं थोडं पुढे सरकतं, तिथे धरून उघडा. फ्रान्समध्ये ज्या सावोयात हा चाकू जन्मला तिथे हीच रीत आहे. फुगलेली मूठ उन्हात ठेवली तर तडकते. सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस पुरेत. कोरड्या दिवसांत मुठीला जवसाचं तेल लावा, ते वाळून लाकडाला कवच देतं. नेमक्या याच कारणाने ते सांध्यात जाऊ देऊ नका. आणि जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा, मग फेका.

गाळातून निघालेला चाकू

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीत घराघरांतून कृष्णेचा गाळ उपसला गेला आणि त्यात हत्यारांच्या पेट्याही होत्या. असा चाकू हाती आला तर पहिल्यांदा तो उघडायचा मोह आवरा. वाळलेला गाळ सांध्यात असताना पातं ओढलंत तर वाळू पिनवर घासते. बंद अवस्थेतच स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजवा, पाणी एक-दोनदा बदला, नळाखाली धरा आणि मग सावकाश उघडा. स्क्रूचा चाकू असेल तर पूर्ण खोलून धुणं उत्तम. रिव्हेटचा असेल तर पाणी, स्पिरिट आणि तेल याच क्रमाने, फडकं स्वच्छ निघेपर्यंत.

चाकूने करू नयेत ती कामं

डब्याचं झाकण उचकटणं, स्क्रू फिरवणं, पाठीवर दगड मारून फांदी फोडणं यांनी टोक मोडतं आणि पिन वाकते. पिन वाकली की वर सांगितलेलं काहीच लागू पडत नाही. बिनखटक्याच्या चाकूने टोचू नका, नेहमी ओढून कापा. टोचताना पातं उलटं मिटलं तर ते थेट बोटांवर येतं.

यात्रा, उरूस, निवडणुका अशा काळात जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश लागू असू शकतो. तेव्हा खिशातला चाकू घरी ठेवलेला बरा. विमानात हातातल्या बॅगेत तो चालत नाही, सामानाच्या बॅगेत टाका.

खटका घसरत असेल तर

घरी दुरुस्त करू नये असा एकच बिघाड आहे, तो म्हणजे उघडं पातं धरून न ठेवणारा खटका. तपासायला पात्याची पाठ टेबलावर आपटू नका, त्याने चांगला खटकाही बिघडतो. मूठ दोन्ही अंगांनी अशी धरा की पातं मिटण्याच्या वाटेत एकही बोट नसेल, आणि पात्याची पाठ कडक लाकडाच्या काठावर टेकवून हळूहळू दाब वाढवा. पट्टी सरकताना दिसली किंवा पातं मिटायला लागलं, तर आधी ती जागा स्पिरिटने पुसून पुन्हा बघा, कधी कधी नुसतं तेल असतं. त्यानंतरही घसरत असेल तर पट्टी वाकवणं, कानस मारणं, वेल्डिंगचा टिपका देणं असलं काही करू नका. वॉरंटी असेल तर कंपनीकडे पाठवा. नसेल तर पातं मिटवून त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे द्या, वर ‘खटका खराब’ असं लिहा आणि भंगारात द्या. शेडमध्ये खुंटीला अडकवून ठेवलात तर छाटणीच्या गडबडीत कुणीतरी तोच उचलणार.